व्यवसायाच्या जागेची पाहणी: फ्रीलान्स काम सुरू करताना

कार्डाने पैसे घेण्याची सोय मागणारा दुकानदार, भाडेपट्ट्यावर यंत्र घेणारा कारखानदार, ग्राहकांचे क्रेडिट रिपोर्ट पाहण्याची परवानगी मागणारी फर्म. या सगळ्यांची कागदपत्रं चोख असू शकतात आणि तरीही दिलेल्या पत्त्यावर काहीच नसू शकतं. म्हणून पेमेंट कंपन्या, कर्ज देणाऱ्या संस्था, लीजिंग कंपन्या आणि क्रेडिट ब्युरो (लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, ठेवणाऱ्या संस्था) जागेवर माणूस पाठवतात. हा माणूस बहुधा त्यांचा नोकर नसतो. मधली एजन्सी ऑर्डर घेते आणि त्या भागातल्या फ्रीलान्स पाहणी करणाऱ्याकडे सोपवते. तो जागेवर जातो, ठरलेले फोटो काढतो, फॉर्म भरतो आणि अपलोड करतो. यात काही विकायचं नसतं आणि वसुलीही करायची नसते.

काम शिकायला अवघड नाही. गोची हिशोबात आहे. मोबदला ऑर्डरमागे ठरलेला असतो, तासावर नाही. एका फेरीत पूर्ण झालेली ऑर्डर परवडते. त्याच जागी दुसऱ्यांदा जावं लागलं की तीच ऑर्डर अंगावर येते, कारण दुसऱ्या फेरीचे पैसे सहसा मिळत नाहीत. खालच्या पायऱ्या ही दुसरी फेरी टाळण्यासाठीच आहेत.

१. कामाचे प्रकार आधी ओळखा

सगळ्यात जास्त येणारं काम म्हणजे दुकान किंवा ऑफिस अस्तित्वात आहे का, ते सांगितलेलाच धंदा करतं का, हे पाहणं. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. जागेवर साधारण १५ ते ३० मिनिटं लागतात.

दुसरा प्रकार फक्त बाहेरून पाहण्याचा. आत जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. इमारत, पाटी आणि रस्ता यांचे फोटो काढायचे. पैसे कमी, पण वाटेवर असेल तर घ्यायला हरकत नाही.

तिसरा, क्रेडिट ब्युरोसाठीची पाहणी. इथे धंद्याइतकंच माहितीच्या सुरक्षिततेकडे लक्ष असतं: फाइली कुलुपाच्या कपाटात आहेत का, कागद फाडण्याचं यंत्र आहे का, कॉम्प्युटरचा स्क्रीन आल्यागेल्याला दिसतो का, जागा दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेतली असेल तर स्वतंत्र कुलूप आहे का.

चौथा, यंत्रं आणि गाड्यांची पडताळणी. प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर जुळवायचा असतो. गाड्यांच्या विक्रेत्याकडे एका वेळी अनेक गाड्या मोजाव्या लागतात. मोबदला बरा, पण चूक झाली तर ती थेट कर्जाच्या तारणाची चूक ठरते. साध्या ऑर्डरींवर हात बसल्यावरच याकडे वळा.

विम्यासाठीची जोखीम पाहणी मात्र वेगळी. तिथे वायरिंग, आगीपासूनची व्यवस्था, छताची अवस्था यांवर मत द्यावं लागतं. त्याचं प्रशिक्षण नसेल तर अशी ऑर्डर घेऊ नका, ती कितीही जवळची असली तरी.

२. नोंदणीसाठी काय लागतं

एजन्सी साधारणपणे हे मागतात:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- पार्श्वभूमी तपासणीसाठी सहीची संमती
- बँक खात्याचा तपशील आणि कर क्रमांक
- वाहन परवाना आणि गाडीचा विमा
- तुम्ही किती अंतरापर्यंत जाऊ शकता, कोणत्या वारी मोकळे असता याची माहिती
- काही ठिकाणी नमुन्याची पाहणी: एखाद्या ओळखीच्या दुकानाचे फोटो आणि भरलेला फॉर्म

गाडीच्या विम्याकडे नीट बघा. घरगुती वापराच्या पॉलिसीत कामासाठीचा प्रवास धरलेला नसू शकतो. विमा कंपनीला आधी विचारून उत्तर लेखी घ्या. अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

एकाच एजन्सीवर अवलंबून राहू नका. एका भागात एका एजन्सीच्या आठवड्याला चार ऑर्डरी असतील, तर पुढच्या आठवड्यात एकही नसेल. तीन-चार ठिकाणी नाव असलं की फेऱ्या एकत्र जुळवता येतात. हे पोट भरण्याचं एकमेव काम म्हणून धरू नका. दुसऱ्या कामाला जोड म्हणून ते चांगलं बसतं.

आता फसवणुकीबद्दल. नोंदणी फी, ट्रेनिंग किट किंवा "पक्की ऑर्डर मिळेल" म्हणून डिपॉझिट मागितलं तर तिथेच थांबा. काम देणारा काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. आगाऊ मोबदला म्हणून जास्त रकमेचा चेक पाठवून उरलेली रक्कम परत मागणं हा जुना डाव आहे: चेक नंतर वटत नाही आणि तुम्ही परत केलेली रक्कम मात्र गेलेली असते. कुणाचं पार्सल तुमच्या घरी घेऊन पुढे पाठवायला सांगितलं, तर ती पाहणी नव्हेच.

३. करारातल्या या ओळी वाचा

पैसे कधी मिळणार? "रिपोर्ट दिल्यापासून ३० दिवसांत" आणि "रिपोर्ट स्वीकारल्यापासून ३० दिवसांत" यात मोठा फरक आहे. स्वीकारणं कुणाच्या हातात आहे तेही पाहा. रिपोर्ट परत आला तर दुसऱ्या फेरीचा खर्च कुणाचा? मालक हजर नसेल किंवा जागाच सापडली नाही, तर हेलपाट्याचे काही पैसे आहेत का? जागेवर पोहोचल्यावर ऑर्डर रद्द झाली तर काय? फोटो किती दिवसांनी पुसायचे?

गोपनीयतेचं कलम जवळजवळ नेहमी असतं आणि ते योग्यच आहे. ज्या दुकानात तुम्ही जाता त्याची माहिती शेजाऱ्यालाही सांगायची नसते.

४. सामान

महाग काही लागत नाही. चांगल्या कॅमेऱ्याचा फोन, पॉवर बँक, छोटी वेगळी टॉर्च, मोजपट्टी, पेन आणि वही, काच पुसायचं मऊ कापड, ओळखपत्र, एजन्सीचं अधिकारपत्र छापलेलं. कारखान्यात किंवा गोदामात जायचं असेल तर बंद बूट आणि चमकणारं जॅकेट. त्याशिवाय फाटकावरच अडवतात आणि फेरी वाया जाते.

फोनची सेटिंग घरीच करून ठेवा:

- कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी द्या. तारीख आणि वेळ आपोआप घेण्यावर ठेवा.
- आयफोन असेल तर फोटोचं फॉरमॅट "मोस्ट कम्पॅटिबल" करा. नाहीतर फोटो हाइक (HEIC) फॉरमॅटमध्ये साठतात आणि काही पोर्टल ते घेत नाहीत.
- ब्युटी फिल्टर आणि बॅकग्राउंड धूसर करणारा मोड बंद.
- क्लाउडवरचा आपोआप बॅकअप बंद, किंवा कामाच्या फोटोंचं फोल्डर त्यातून वगळलेलं.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचे नाहीत. तिथे फोटो लहान होतो आणि त्यात दडलेली वेळ-ठिकाणाची नोंदही निघून जाते. रिपोर्ट परत येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

५. ऑर्डर घेण्यापूर्वी गणित

समजा एका ऑर्डरमध्ये फोन करण्यात १५ मिनिटं गेली, जाण्यायेण्यात ५०, जागेवर २५ आणि घरी रिपोर्ट भरण्यात ३०. म्हणजे १२० मिनिटं झाली. जागेवरची २५ मिनिटं डोळ्यांसमोर ठेवून मोबदला चांगला वाटतो. भागायचं असतं दोन तासांनी, तेही इंधन वजा करून. पार्किंग आणि टोल वेगळे.

म्हणून ऑर्डर आली की अंतर मोजा, मुदत बघा (अनेकदा ती ४८ ते ७२ तासांची असते), आणि त्याच दिशेला दुसरं काही आहे का ते पाहा. एकाच दिशेच्या दोन-तीन ऑर्डरी एका फेरीत झाल्या की हिशोब बदलतो. पण एकत्र करण्याच्या नादात मुदत चुकवू नका. मुदत चुकवणाऱ्याला पुढच्या ऑर्डरी मिळणं लवकर बंद होतं.

लांबची ऑर्डर असेल तर स्वीकारण्यापूर्वी जास्त मोबदला मागा. त्या भागात कुणी नसेल तर एजन्सी बऱ्याचदा वाढवून देते. स्वीकारल्यानंतर मागणं मात्र बरोबर नाही.

६. फोन आणि भेटीची वेळ

ऑर्डर घेतल्याच्या दिवशीच फोन करा. नंबर ऑर्डरमध्ये दिलेलाच वापरा. समोरच्याला पाहणी होणार हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं. अर्ज करताना त्याने कुठेतरी सही केलेली असते, तेवढंच. त्यामुळे पहिलं वाक्य साधं आणि पूर्ण असावं: "नमस्कार, मी अमुक एजन्सीकडून बोलतोय. तुम्ही कार्ड पेमेंटसाठी अर्ज केला आहे, त्यासाठी दुकानाची पाहणी करून काही फोटो घ्यायचे आहेत. साधारण वीस मिनिटं लागतील. उद्या अकरा वाजता चालेल का?" कुणाच्या वतीने पाहणी आहे हे सांगायचं की नाही ते ऑर्डरच्या सूचनेत लिहिलेलं असतं. काही पाहण्या न कळवता करायच्या असतात. तेव्हा फोन करूच नका.

फोनवर चार गोष्टी पक्क्या करा: नेमका पत्ता आणि मजला, पाटीवर कोणतं नाव आहे, भेटणाऱ्या माणसाचं नाव आणि हुद्दा, आणि फोटो काढायला परवानगी देण्याचा अधिकार त्याला आहे का. हा चौथा प्रश्न विसरला की दुसरी फेरी ठरलेली. काउंटरवरचा मुलगा "मालकांना विचारतो" म्हणतो आणि मालक फोन उचलत नाहीत.

यंत्रांची पाहणी असेल तर किल्ली किंवा वीज चालू करणारा माणूस हजर हवा. यंत्र किती तास चाललं ते दाखवणारं आवर मीटर अनेक यंत्रांवर चालू केल्याशिवाय दिसत नाही.

फोन लागला नाही तर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पुन्हा करा आणि प्रत्येक प्रयत्नाची तारीख, वेळ आणि काय झालं ते लिहून ठेवा. ठरावीक प्रयत्नांनंतर ऑर्डर बंद करता येते, पण ही नोंद असेल तरच.

७. जागेवर: फोटो

आत शिरण्यापूर्वी बाहेरचे फोटो उरका. नंतर बोलण्यात राहून जातात. क्रम नेहमी लांबून जवळ असा ठेवा:

१. रस्त्याच्या नावाची पाटी किंवा ओळखता येईल अशी खूण
२. शेजारच्या दोन इमारतींसह पूर्ण इमारत
३. इमारतीचा नंबर
४. व्यवसायाची पाटी, सगळी अक्षरं वाचता येतील अशी
५. दार आणि त्यावरची वेळ
६. आतून, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतून
७. काम चालतं ती जागा, माल, मागची खोली किंवा गोदाम
८. ऑफिसचं टेबल, भिंतीवरचा परवाना, पैसे घेण्याचं यंत्र, माल परत घेण्याचे नियम लिहिलेला फलक

यातला दुसरा फोटो नवखे हमखास चुकवतात. पाटीचा जवळचा फोटो कुठेही काढता येतो. शेजारच्या इमारती दिसल्या तरच ती पाटी त्या पत्त्यावर आहे हे सिद्ध होतं.

काचेतून फोटो घेताना समोर सरळ उभं राहू नका, तुमचंच प्रतिबिंब येईल. बाजूला सरकून तिरका घ्या. यंत्रावरच्या धातूच्या पट्टीचा फोटो फ्लॅशने काढला की मधोमध पांढरा डाग येतो आणि नेमका नंबर जातो. फ्लॅश बंद करा, टॉर्च पट्टीच्या कडेला अगदी आडवी धरा. कोरलेल्या अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि गंजलेल्या पट्टीवरचाही नंबर उठून दिसतो. पट्टीवर तेल-धूळ असेल तर कापडाने पुसा, पण आधी विचारून. मग एक फोटो पट्टीचा आणि एक असा, की ज्यात पट्टी आणि यंत्र दोन्ही दिसतील. नुसत्या पट्टीवरून ती कोणत्या यंत्रावर आहे हे कळत नाही.

आधुनिक गाडीचा व्हीआयएन, म्हणजे गाडीवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक, १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं येत नाहीत. तुमच्या वहीत ओ लिहिला गेला असेल तर तो शून्य आहे. १६च खुणा असतील तर एक सुटली आहे. गाडीजवळ उभं असतानाच मोजा.

प्रत्येक फोटो तिथेच मोठा करून वाचा. अक्षर वाचता आलं नाही तर लगेच पुन्हा काढा. याला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि अख्ख्या कामात याच्याइतकी कमाईची मिनिटं नाहीत.

फोटोत येऊ नयेत अशा गोष्टी: ग्राहकांचे चेहरे, कुणाचा कार्ड नंबर, उघडी फाइल, चालू स्क्रीन, स्क्रीनला चिकटवलेला पासवर्डचा कागद. चुकून आलं तर तो फोटो अपलोड न करता पुसा आणि दुसरा घ्या. पासवर्डचा कागद दिसला ही बाब क्रेडिट ब्युरोच्या पाहणीत शब्दांत नोंदवायची, फोटोत नाही.

८. जागेवर: वागणं

समोरचा माणूस ताणाखाली असतो. त्याची पेमेंटची सोय किंवा कर्ज तुमच्या रिपोर्टवर अडलेलं आहे असं त्याला वाटतं, आणि त्यात तथ्यही असतं. त्याला नीट वागवा. कोणता फोटो का घेताय ते सांगा, आतल्या खोलीत जाण्यापूर्वी विचारा, गिऱ्हाईक आलं तर थांबा. दुकान लहान आहे, सामान विस्कळीत आहे, यावर चेहरासुद्धा बदलू नका.

"झालं ना पास?" असा प्रश्न येतोच. उत्तर एकच: "मी फक्त जे दिसतं ते कळवतो, निर्णय ते घेतात." "काही अडचण नाही" असंही म्हणू नका, उद्या नकार आला तर तुमचं वाक्य तुमच्यावर उलटतं. सल्ला नको, भेटवस्तू नको.

घरातून चालणाऱ्या व्यवसायात जास्त जपून राहायचं. पाटी नसणं हा दोष नाही, तशी नोंद करा. कामाची खोली, कपाट, संगणक, माल एवढंच. घरातली माणसं आणि मुलं फोटोत नकोत.

सामायिक ऑफिस असेल तर रिसेप्शन, नावांचा फलक आणि प्रत्यक्ष बसायची जागा तिन्ही पाहा. फक्त टपालपेटी असेल तर "फक्त टपालपेटी" असंच लिहा.

कधी काही खटकतं. पाटी म्हणजे नुकताच चिकटवलेला कागद, खोकी उचलली तर रिकामी, काम करणाऱ्याला मालकाचं नाव सांगता येत नाही. तिथे उलटतपासणी सुरू करू नका. जे दिसलं ते टिपा आणि बाहेर पडा. कुणी अडवलं, आवाज चढवला किंवा पैसे पुढे केले तर पाहणी अर्धवट सोडून निघा आणि एजन्सीला त्याच दिवशी लेखी कळवा. कोणतीही ऑर्डर अंगाला धोका घेऊन पूर्ण करण्याच्या लायकीची नसते. जाताना कुठे जातोय ते घरी सांगून ठेवा, गाडी बाहेर निघायच्या दिशेने लावा.

९. रिपोर्ट लिहिणं

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. "सहा कर्मचारी आहेत" हे वाक्य चूक. "मालकांनी सहा कर्मचारी असल्याचं सांगितलं, पाहणीच्या वेळी, मंगळवारी सकाळी ११.१० वाजता, दोन हजर होते" हे बरोबर. "मालाचा साठा चांगला आहे" याचा कुणालाच उपयोग नाही. "चार मांडण्या, त्यांतल्या तीन भरलेल्या, मागच्या खोलीत साधारण २० खोकी, दोन उघडून पाहिली, आत सांगितलेला माल होता" हे वाचून कर्ज देणारा निर्णय घेऊ शकतो.

"संशयास्पद" हा शब्द वापरू नका. तुम्हाला तो शब्द सुचला कशामुळे, तेवढं लिहा.

फॉर्ममधला एकही रकाना कोरा नको. लागू नसेल तर "लागू नाही", पाहता आलं नाही तर "पाहता आलं नाही" आणि कारण. पत्त्यातला फरकही लिहा: ऑर्डरमध्ये दुसरा मजला, प्रत्यक्षात पहिला. नाव जसं पाटीवर आहे तसंच, स्पेलिंगसकट.

रिपोर्ट त्याच दिवशी भरा. दोन जागा एका दिवशी पाहिल्या असतील तर रात्रीपर्यंत भिंतींचे रंगसुद्धा मिसळतात. प्रत्येक जागेचं वेगळं फोल्डर करा, आणि एक जागा संपली की दुसरीकडे जाण्यापूर्वी वहीच्या कोऱ्या पानावर पुढच्या जागेचा ऑर्डर नंबर लिहून त्याचा फोटो काढा. पुढचे फोटो कुणाचे यावर मग वाद राहत नाही.

१०. पैसे आणि नोंदी

एका साध्या तक्त्यात प्रत्येक ऑर्डरचा नंबर, तारीख, किलोमीटर, लागलेला वेळ, ठरलेला मोबदला, रिपोर्ट स्वीकारल्याची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख लिहा. कर तुमचा तुम्हाला भरायचा असतो. किलोमीटरची नोंद रोजच्या रोज ठेवली तरच प्रवासखर्च दाखवताना अडत नाही.

स्वीकारल्याची खात्री मिळेपर्यंत फोटो ठेवा, कारण एखादा फोटो पुन्हा मागितला जाऊ शकतो. त्यानंतर कराराच्या मुदतीत फोनमधून, "नुकतेच पुसलेले" या फोल्डरमधून आणि क्लाउडवरून पुसा. पैसे मुदतीत आले नाहीत तर ऑर्डर नंबर आणि स्वीकारल्याची तारीख देऊन लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्या एजन्सीची नवी ऑर्डर घेऊ नका.